घर उभं राहायच्या आधीच कर्ज उभं राहतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला फोर्ट बेंड काउंटीत राहतो आणि तुमचा पेपर रोज ऑनलाइन वाचतो. पत्र पहिल्यांदाच लिहितेय. विषय नव्या घरांवर लागणाऱ्या एका टॅक्सचा आहे, थोडा रुक्ष वाटेल, पण ज्यांची मुलं टेक्सासमध्ये आहेत आणि घर घ्यायच्या तयारीत आहेत त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावं, कारण हे सगळं आम्हाला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर आमचं एक अख्खं वर्ष ओढाताणीत गेलं नसतं.

आम्ही नवीन घर घेतलं तेव्हा नवऱ्याने सगळा हिशोब मांडून ठेवला होता, हप्ता, इन्शुरन्स, प्रॉपर्टी टॅक्स, सोसायटीची फी, सगळं. पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दुसऱ्या वर्षी लोन कंपनीचं पत्र आलं की तुमच्या एस्क्रो खात्यात (टॅक्स आणि इन्शुरन्ससाठी हप्त्यातून पैसे बाजूला ठेवतात ते खातं) तूट आलीये, पुढच्या महिन्यापासून हप्ता वाढणार, आणि वाढीचा आकडा बघून मी ते पत्र दोनदा वाचलं, मग पाकिटावरचं नाव तपासलं, मला खरंच वाटलं की शेजाऱ्यांचं पत्र आपल्या पेटीत आलं. पण चूक कुणाचीच नव्हती. इथं १ जानेवारीला जागा ज्या अवस्थेत असेल त्या किमतीवर त्या वर्षाचा टॅक्स लागतो, आणि आमच्या पहिल्या १ जानेवारीला तिथं घर नव्हतंच, नुसता मोकळा प्लॉट होता, म्हणून पहिलं बिल बारीकसं आलं आणि आम्ही तेच कायमचं धरून चाललो. दुसऱ्या वर्षी पूर्ण घराची किंमत लागली. आणि काउंटी आणि शाळेच्या टॅक्सशेजारी आणखी एक ओळ होती जी आम्ही कधी नीट वाचलीच नव्हती. म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, म्हणजे वस्तीचं पाणी आणि ड्रेनेज बघणारा वेगळा सरकारी कारभार. इंग्रजी आद्याक्षरांवरून इथं सगळे त्याला मड आणि त्याच्या टॅक्सला नुसतं मड टॅक्स म्हणतात.

समजा घर ४ लाख डॉलरचं आहे आणि मडचा रेट दर १०० डॉलरला १ डॉलर आहे, तर वर्षाचे ४,००० डॉलर एकट्या मडचे झाले, म्हणजे महिन्याला ३३३ च्या वर. हे काउंटी आणि शाळा सोडून. टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून लोक खुश असतात, आम्हीही होतो, पण मग सगळा भार घरावरच येतो हे डोक्यात उतरायला वेळ लागतो.

मी चिडून जुनी फाईल काढली. आणि त्यात तो कागद होता. माझ्याच सहीचा. टेक्सासच्या वॉटर कोडमध्ये कलम ४९.४५२ आहे, त्याप्रमाणे मडमधलं घर विकणाऱ्याने करार व्हायच्या आधी घेणाऱ्याला एक नोटीस द्यावीच लागते, न देता करार केला तर घेणाऱ्याला तो मोडता येतो. त्या नोटिशीत सरळ लिहिलेलं होतं की या डिस्ट्रिक्टला टॅक्स लावायचा स्वतंत्र अधिकार आहे, मतदारांच्या मंजुरीने ते हवे तितके बाँड (कर्जरोखे) काढू शकतं आणि ते फेडण्यासाठी लावायच्या टॅक्सच्या रेटला वरची मर्यादा नाही. खाली तेव्हाचा रेट होता, मतदारांनी किती बाँड मंजूर केलेत आणि त्यातले किती काढून झालेत तेही आकडे होते. सगळं होतं हो. पण सेल्स ऑफिसमध्ये त्या दिवशी चाळीस-पन्नास कागद समोर होते, मुलगा कंटाळून रडत होता, किचनच्या दगडाचा रंग ठरवायचा होता, आणि तिथल्या बाईंनी पान उलटत इतकंच सांगितलं की ही नेहमीची नोटीस आहे, इथं सही करा. मी केली.

त्या रात्री एका शब्दावर मी अडकले. मतदारांनी मंजूर केलेत. कुठले मतदार? आमची घरं पूर्ण व्हायच्या आधीच कोट्यवधी डॉलरचे बाँड मंजूर झालेले होते, मग तेव्हा इथं मत द्यायला होतं कोण? हा प्रश्न पकडून मी जे वाचत गेले त्यासाठीच हे पत्र आहे.

टेक्सासमध्ये शहराच्या हद्दीबाहेर पाणी, ड्रेनेज आणि पावसाच्या पाण्याचा निचरा हे काउंटी सहसा करत नाही. काउंट्या २५४ आहेत पण त्यांच्याकडे शहरासारखे अधिकार नाहीत. आता एखाद्या कंपनीने दोन-चारशे एकर शेतजमीन घेतली आणि तिथं हजार घरं बांधायची म्हटलं तर पाणी कुठून आणणार, मैला कुठं नेणार? त्यासाठी हे डिस्ट्रिक्ट काढतात. हा पाण्यापुरता एक छोटा सरकारी कारभारच असतो, त्याला पाच जणांचं निवडून आलेलं बोर्ड असतं, त्याला टॅक्स लावता येतो, कर्ज काढता येतं. याचं मूळ टेक्सासच्या राज्यघटनेत आहे, सोळाव्या आर्टिकलचं कलम ५९, १९१७ साली आलेलं. डेव्हलपर आधी स्वतःच्या पैशाने पाण्याची टाकी, पाइपलाइन, प्रक्रिया केंद्र, पाणी साठवायचे मोठे तलाव बांधतो, मग घरं विकली जायला लागली की डिस्ट्रिक्ट बाँड काढून त्याला ते पैसे परत देतं, आणि ते बाँड पुढची वीस-पंचवीस वर्षं आपण घरवाले टॅक्समधून फेडतो.

हे डिस्ट्रिक्ट जन्माला यायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे राज्याच्या पर्यावरण कमिशनकडे, ज्याला इथं टीसीईक्यू म्हणतात, अर्ज करायचा. तिथं छाननी होते, हरकत असेल त्याला सुनावणी मागता येते. दुसरा रस्ता थेट राजधानीला, ऑस्टिनला, विधिमंडळात एक बिल आणायचं आणि फक्त त्या एका जमिनीसाठी कायदा करून घ्यायचा. हो, एका प्लॉटिंगसाठी एक अख्खा राज्याचा कायदा! मला हे वाचून आधी खरं वाटेना. पण स्पेशल डिस्ट्रिक्ट लोकल लॉज कोड नावाचं कायद्याचं एक वेगळं पुस्तकच आहे, त्यात असल्या एकेका डिस्ट्रिक्टला एकेक चॅप्टर दिलेला आहे, आणि दर अधिवेशनाला नवे चॅप्टर वाढतच जातात.

मी तसली बिलं उघडून बघितली, विधिमंडळाच्या वेबसाइटवर ती फुकट वाचता येतात. पहिली काही पानं जवळजवळ सगळ्या बिलांत सारखीच. डिस्ट्रिक्टचं नाव, पाच डायरेक्टर, चार-चार वर्षांची मुदत, पाणी-ड्रेनेजचे अधिकार, रस्ते बांधायचे अधिकार, बाँड, टॅक्स. काही बिलांत असंही असतं की पुढे या डिस्ट्रिक्टचे दोन किंवा जास्त तुकडे करता येतील, आणि त्या नव्या तुकड्यांसाठी परत विधिमंडळात यायची गरज नाही. आणि त्यानंतर सुरू होतं जमिनीचं वर्णन. अमुक कोपऱ्यात रोवलेल्या लोखंडी सळईपासून सुरुवात, तिथून उत्तरेला इतके अंश इतकी मिनिटं इतके सेकंद, इतके फूट, दुसऱ्या सळईपर्यंत, तिथून पूर्वेला... असं वळत वळत परत पहिल्या सळईला. सगळी हद्द शब्दांत, नकाशा नाही. कुठं माणूस नाही, घर नाही, रस्त्याचं नाव नाही. मी ते वाचताना आमच्या घरामागच्या तलावाचा काठ कुठल्या ओळीत येत असेल ते शोधत बसले होते.

आता मुद्द्याची गोष्ट. असं बिल मांडायच्या किमान ३० दिवस आधी स्थानिक पेपरात नोटीस छापावी लागते, हे राज्यघटनेतच आहे. बिलाची प्रत गव्हर्नरकडे जाते, तिथून टीसीईक्यूकडे, आणि त्यांनी ३० दिवसांत आपली शिफारस कळवायची असते. कागदावर हे बरोबर दिसतं. पण ती नोटीस वाचणार कोण? ज्याने पुढची पंचवीस वर्षं टॅक्स भरायचाय तो माणूस तेव्हा दुसऱ्याच शहरात भाड्याने राहतोय, कदाचित अजून देशातही आलेला नाही. त्या दिवशी त्या जमिनीवर गवत असतं आणि तिचा एकच मालक असतो, आणि बिल आणणारा तोच! मग हरकत घ्यायला उरतं कोण?

अशी बिलं स्थानिक आणि बिनविरोध विषयांच्या यादीत जातात, तिथं भराभर एकामागून एक मंजूर होतात. त्यात मला कुणाची बदमाशी दिसत नाही, हे मी मनापासून सांगते. टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच बसतं, विषम सालाच्या जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारपासून जास्तीत जास्त १४० दिवस, तेवढ्यात त्यांना अख्ख्या राज्याचं बजेट, शाळा, वीज सगळं करायचं असतं, एका शेतजमिनीचं बिल कोण तासभर चर्चेला घेणार. एक चांगली गोष्ट आहे, जमीन सक्तीने ताब्यात घ्यायचा अधिकार असा सहज मिळत नाही, त्याला दोन्ही सभागृहांच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. ती नाही मिळाली तर डिस्ट्रिक्ट होतं पण तो अधिकार मिळत नाही. म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याच्या जमिनीची काळजी कायद्याने घेतलीये. मग उद्या राहायला येणाऱ्याच्या खिशाची काळजी का घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

कारण बिल पास झाल्यावर जे होतं ते मला सगळ्यात जास्त खटकतं. कायदा झाला तरी डिस्ट्रिक्ट पक्कं व्हायला तिथल्या मतदारांची निवडणूक लागते, आणि त्याच निवडणुकीत पुढच्या सगळ्या टप्प्यांचे बाँडही मंजूर करून घेतात. पण तिथं तर कुणी राहत नाही. मग जमिनीवर एखादं ट्रेलरचं घर आणून ठेवतात, त्यात एक-दोन माणसं राहायला येतात, मतदार म्हणून नाव नोंदवतात आणि मत देतात. टेक्सासच्या पेपरांनी हे अनेकदा छापलंय. एक-दोन माणसांच्या मतांवर कोट्यवधी डॉलरचं कर्ज मंजूर होतं, पुढे ती माणसं निघून जातात आणि कर्ज आमच्यासारख्यांच्या नावावर राहतं. सहसा सगळं कायद्यात बसवून. यातलं बरंचसं बेकायदा ठरत नाही आणि म्हणूनच ते कायद्यातच बदलायला पाहिजे असं मला वाटतं.

मी मडच्या विरोधात नाही, हे परत सांगते, कारण आमच्या ग्रुपवर हा विषय निघाला की लोक लगेच लुटालूट वगैरे म्हणायला लागतात आणि ते मला पटत नाही. मड नसतं तर आमच्या भागात घरंच झाली नसती, किंवा जो पाइप आमच्यासाठी टाकला त्याचे पैसे शहरातल्या जुन्या वस्तीतल्या लोकांनी भरले असते, ते तरी कुठं बरोबर होतं. सुरुवातीची जोखीम डेव्हलपरच घेतो, घरं विकली गेली नाहीत तर त्याचे पैसे अडकतात. बाँडवर टीसीईक्यूची तपासणी असते, राज्याच्या ॲटर्नी जनरलची, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाची, मंजुरी लागते. आणि जशी घरं वाढतात तसं तेच कर्ज जास्त लोकांत वाटलं जातं, जुन्या वस्त्यांत मडचा रेट बराच खाली आलेला दिसतो. द वुडलँड्ससारखी गावाएवढी वस्ती असल्याच डिस्ट्रिक्टांवर उभी राहिलीये. कधी शेजारचं शहर वस्तीला आपल्यात सामावून घेतं, मग मड विसर्जित होतं आणि कर्ज शहराकडे जातं, शुगर लँड शहराने डिसेंबर २०१७ मध्ये ग्रेटवुड आणि न्यू टेरिटरी या वस्त्या अशाच सामावून घेतल्या. पण २०१७ आणि २०१९ च्या कायद्यांनंतर शहराला लोकांच्या संमतीशिवाय हे करणं फार अवघड झालंय, त्यामुळे उद्या शहर येईल आणि मड टॅक्स जाईल असं कुणी सेल्स ऑफिसमध्ये सांगितलं तर त्या भरवशावर घर घेऊ नका.

फेब्रुवारी २०२१ मध्ये इथं भयंकर थंडी पडली, वीज गेली, कित्येक ठिकाणी नळाला पाणी नाही, जिथं आलं तिथं उकळून प्यायच्या नोटिसा. आम्ही तेव्हा अपार्टमेंटमध्ये होतो, बाथटबमध्ये पाणी भरून ठेवलं होतं आणि मुलाला सांगत होतो की हात लावू नकोस. त्याच वर्षी कायदा झाला की पाणी पुरवणाऱ्यांनी वीज गेल्यावर काय करणार याचा प्लॅन द्यावा. आता आमच्या भागात त्या पंपाला जनरेटर लागणार का, कधी, किती पैशाचा, हे कोण ठरवतं? मडचं बोर्ड. घरामागचा तलाव कोण साफ करतं? मडचं बोर्ड. टॅक्सचा रेट दर वर्षी कोण ठरवतं? तेच बोर्ड. आणि इतक्या घरांतून मीटिंगला जातं कोण? मी पहिल्यांदा गेले तेव्हा मी एकटी होते.

ती मीटिंग मला सांगायलाच पाहिजे. दुपारी बाराची वेळ, आमच्या वस्तीपासून पाऊण तास लांब, एका वकिलाच्या ऑफिसात. मी सुट्टी टाकून गेले. लांब टेबल, पाच डायरेक्टर, वकील, इंजिनिअर, हिशोबनीस, पाणी चालवणाऱ्या कंपनीचा माणूस. मी आत गेल्यावर सगळे दोन क्षण गप्प झाले, मग एकाने विचारलं की आपण कुठल्या कंपनीकडून आलात. मी म्हटलं, मी इथं राहते, म्हणजे डिस्ट्रिक्टमध्ये. त्यांनी लगेच उठून खुर्ची दिली, अजेंड्याचा कागद दिला, आणि खरं सांगते, मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर दिलं, कुणी टाळाटाळ केली नाही. बाँडचं किती फिटलंय, रेट कधी कमी होऊ शकतो, पाण्याच्या बिलात रीजनल वॉटर ऑथॉरिटीची फी वेगळी का लागते (जमीन खचते म्हणून बोअरचं पाणी कमी करून नदीचं पाणी आणायचंय, त्याचा खर्च), सगळं समजावलं. परतताना गाडीत मला वाईट एकाच गोष्टीचं वाटत होतं की हे सगळं दर महिन्याला उघड्या दाराने चाललेलं असतं आणि आम्ही कुणी बघतच नाही.

आपल्या लोकांची यात आणखी एक अडचण आहे. आमच्यातले निम्मे व्हिसावर, काही ग्रीन कार्डवर. टॅक्स सगळ्यांना सारखा, मत फक्त सिटीझनला. मलाही अजून मत नाही, नवरा सिटीझन झालाय. पण मत नसलं तरी मीटिंगला बसता येतं आणि २०१९ पासून अजेंड्यावरच्या विषयावर बोलायचा हक्क कायद्याने कुणालाही आहे, तिथं कुणी पासपोर्ट विचारत नाही. आणि जे सिटीझन झालेत त्यांनी लक्षात ठेवा, डायरेक्टरची निवडणूक सम सालात मे किंवा नोव्हेंबरमध्ये असते, आणि उमेदवार पुरते नसले की ती निवडणूक रद्द करून आहेत तेच निवडून आले असं जाहीर होतं. आमच्या आजूबाजूला हेच होत आलंय.

पुढचं अधिवेशन १२ जानेवारी २०२७ ला सुरू होतंय, बिलं त्याच्या आधी नोव्हेंबर २०२६ पासून दाखल व्हायला लागतील. आमच्या भागाच्या आमदाराच्या ऑफिसला मी पत्र दिलंय आणि त्यात दोनच गोष्टी मागितल्यात. पहिली, डिस्ट्रिक्ट पक्कं करायला सुरुवातीचे एक-दोन मतदार चालतील, पण त्यांनी पहिल्या टप्प्यापुरतेच बाँड मंजूर करावेत, पुढच्या टप्प्यांचं मत तिथं अमुक इतकी घरं भरल्यावर राहणाऱ्या लोकांकडून घ्यावं, आणि हे प्रत्येक नव्या बिलात सरळ लिहावं. बाँड घेणाऱ्यांना आणि डेव्हलपरला हे आवडणार नाही, ते म्हणतील की पैसे परत मिळायची खात्री राहत नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मला मान्य आहे. पण जो फेडणार त्याला एकदाही न विचारता पंचवीस वर्षांचं कर्ज, हे त्याहून चुकीचं आहे. दुसरी गोष्ट, ती नोटीस करारातल्या पन्नास कागदांत देऊ नका, घराच्या जाहिरातीत जिथं किंमत लिहितात तिथंच शेजारी मडचा रेट आणि मंजूर बाँडचा आकडा लिहायला लावा.

आणि जे आई-बाबा इथं मुलांना घरासाठी पैसे पाठवतायत त्यांना माझी विनंती आहे. मुलांना विचारा की घर मडमध्ये आहे का, रेट किती, बाँड मंजूर किती आणि काढलेत किती, आणि दुसऱ्या वर्षीचा टॅक्स पूर्ण घराच्या किमतीवर धरलाय का. राज्याचा हिशोब बघणाऱ्या कंट्रोलर (Comptroller) ऑफिसच्या वेबसाइटवर डिस्ट्रिक्टांची माहिती असते. नवीन वस्ती असेल तर विधिमंडळाच्या साइटवर डिस्ट्रिक्टच्या नावाने बिलही शोधा, अर्ध्या तासाचं काम आहे. मुलं म्हणतील की सगळ्यांनाच असतो हा टॅक्स. असतो. पण एका वस्तीत ५० सेंट आणि रस्त्यापलीकडच्या वस्तीत सव्वा डॉलर असा फरक पडू शकतो, आणि ४ लाखांच्या घराला तो वर्षाचा ३,००० डॉलरचा फरक आहे.

मीटिंगच्या जागेबद्दल एक तरतूद मला नंतर सापडली. डिस्ट्रिक्टमध्ये किमान ५० मतदार राहत असले तर त्यातल्या पाच जणांनी लेखी मागणी करता येते की मीटिंग आमच्या हद्दीत घ्या, आणि लांबच्या जागेमुळे लोकांना येता येत नाही हे बोर्डाला पटलं तर त्यांना ती इथं घ्यावी लागते. नाही ऐकलं तर टीसीईक्यूकडे जाता येतं. मी संध्याकाळी घरोघर फिरले, बऱ्याच जणांना मड म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं, एक आजोबा तर तीस वर्षं टेक्सासमध्ये आहेत आणि त्यांनीही ती नोटीस कधी वाचली नव्हती, त्यांनी माझ्यासमोर कपाटातून काढली आणि दारात उभं राहूनच वाचली. पहिली सही त्यांची आहे. दुसरी माझ्या नवऱ्याची. माझी त्यात नाही, मला मत नाही म्हणून. पाच सह्यांचा तो कागद मागच्या मीटिंगमध्ये दिलाय, क्लब हाऊसची खोली संध्याकाळी सातला मोकळी असते हेही लिहून दिलंय. पुढच्या महिन्याच्या अजेंड्यावर तो विषय आहे. काय होतं ते कळवीन.

आपली वाचक,
फोर्ट बेंड काउंटी, टेक्सास